दारावरची फसवणूक आणि ज्येष्ठांसाठीचा जादा दंड

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे राहतो. गेल्या महिन्यात माझी ७२ वर्षांची आई घरी एकटी असताना एका विक्रेत्याने ‘महापालिकेकडून पाणी तपासायला आलो आहे’ असे सांगितले, ग्लासातल्या नळाच्या पाण्यात थेंब टाकून ते गढूळ करून दाखवले आणि ६,८०० डॉलरच्या शुद्धीकरण यंत्राच्या करारावर तिची सही घेतली. ज्येष्ठांना फसवल्यास येथे जादा दंड होतो म्हणतात. तो आम्हाला मिळेल का?

उत्तर : दंड तुम्हाला मिळणार नाही, पैसे परत मिळवण्याचा मार्ग मात्र वेगळा आहे आणि आधी तोच धरावा. दारावर झालेला करार रद्द करण्यासाठी ६५ वर्षे पूर्ण केलेल्या ग्राहकाला २०२१ पासून कामकाजाचे पाच दिवस मिळतात. ही मुदत उलटली असली, तरी रद्द करण्याच्या हक्काची सूचना आणि त्यासाठीचा कोरा नमुना करारासोबत देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे, आणि ते दिले नसतील तर देईपर्यंत हा हक्क संपत नाही. म्हणून आईंकडचे सर्व कागद आजच तपासा, आणि नमुना नसेल तर त्यांच्या सहीचे रद्दपत्र पोचपावतीच्या टपालाने पाठवा.

अनुचित व्यापाराविरुद्धच्या तेथील कायद्यानुसार प्रत्येक उल्लंघनामागे २,५०० डॉलरपर्यंत आणि फसवणूक ज्येष्ठांविरुद्ध असल्यास आणखी २,५०० डॉलरपर्यंत दिवाणी दंड होऊ शकतो. तो मागण्याचा अधिकार राज्याचे ॲटर्नी जनरल, काउंटीचे सरकारी वकील अशा अधिकाऱ्यांनाच असून रक्कम सरकारजमा होते. ज्येष्ठांचे पैसे परत करण्याला दंडवसुलीपेक्षा अग्रक्रम द्यावा, असे मात्र त्याच कायद्यात म्हटले आहे, आणि मला ही तरतूद दंडाच्या आकड्याहून मोलाची वाटते. तेव्हा सांता क्लारा काउंटीच्या सरकारी वकिलांकडे तक्रार अवश्य करा. असा विक्रेता सहसा एकाच दारात थांबत नाही.

स्वतः दावा लावल्यास ग्राहक संरक्षणाच्या दुसऱ्या कायद्याखाली, मोठे आर्थिक नुकसान किंवा मनस्ताप सिद्ध झाल्यास, न्यायालय ज्येष्ठ ग्राहकाला ५,००० डॉलरपर्यंत जादा रक्कम देऊ शकते. भरपाई मागण्यापूर्वी ३० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते.

आईंना कृपया बोल लावू नका. अशा थेंबांनी पाण्यातले निरुपद्रवी क्षारही साकळतात, आणि ते पाहून कोणीही घाबरेल. विक्रेता नेमके काय म्हणाला, हे त्यांच्याच शब्दांत तारखेसह लिहून घ्या. तक्रारीला तो कागद जोडा.