धुळवडीला नाशिक कोरडं का, आणि रहाडीत पाण्याची नासाडी होते का?

मुंबईहून नाशकात बदलून आलेल्या ताईंनी दोन प्रश्न विचारलेत. धुळवडीला इथे कुणी रंग का खेळत नाही? आणि मराठवाडा तहानलेला असताना रंगपंचमीला रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जुने हौद, भरणं शोभतं का? त्यांच्या सोसायटीत यावरून कडाक्याचं भांडण झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, जुन्या नाशकात धुळवड हा वीरांचा दिवस. घराण्यात जो लढताना किंवा अकाली गेला, त्याचा टाक, म्हणजे धातूची छोटी प्रतिमा, देवघरात असतो. तो त्या दिवशी वाजतगाजत गोदेवर नेतात, रामकुंडावर न्हाऊ घालतात आणि परत आणतात. लहान पोरांना देवांची सोंगं देऊन नाचवत नेतात. या मिरवणुकीतला दाजीबा वीर तर बाशिंग बांधून निघतो. लग्न जुळावं म्हणून लोक त्याला नवस बोलतात. घरातल्या गेलेल्या माणसाला आंघोळ घालण्याच्या दिवशी अंगावर रंग कोण उडवणार? रंग खेळायचा तो फाल्गुन वद्य पंचमीला.

आता रहाड. पेशवेकाळापासूनचे हे दगडी बांधणीचे हौद भर रस्त्याखाली आहेत. वर्षभर त्यांच्यावर लाकडी ओंडके आणि माती असते, वरून रिक्षा, हातगाड्या जातात. तुम्हीही शनी चौकातून गेला असाल आणि पायाखाली काय आहे ते कळलं नसेल. पंचमीच्या आधी माती उपसून हौद धुतात. फुलं आणि झाडपाला मोठ्या कढयांत उकळून रंग करतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला: शनी चौकात गुलाबी, तिवंध्याला पिवळा, तांबट लेनीत केशरी. मानकऱ्यांची पूजा झाली की उड्या सुरू. उडीला इथे ‘धप्पा’ म्हणतात. धप्पा जोरात बसला की काठावरचे सगळे भिजतात, आणि तो रंग दोन-दोन दिवस अंगावरून जात नाही.

पाण्याचा हिशेब मात्र मांडायलाच हवा. रहाड साधारण 25 बाय 25 फूट, खोली 8 फूट धरू. झाले 5000 घनफूट, म्हणजे 1 लाख 40 हजार लिटरच्या आसपास. कमी नाही, 10 हजार लिटरचे 14 टँकर. पण धरणाचं पाणी मोजतात दशलक्ष घनफुटांत, आणि अशा एका एककात 200 रहाडी भरतात. नाशिकला पाणी देणाऱ्या गंगापूर धरणाची क्षमता साडेपाच हजार दशलक्ष घनफुटांच्या वर आहे. त्यामुळे रहाडी बुजवून मराठवाड्याची तहान भागणार नाही. इकडच्या धरणांतून मराठवाड्याच्या जायकवाडी धरणाला मिळायचा वाटा हा हक्काचा प्रश्न आहे, समन्यायी पाणीवाटपासाठी 2005 चा कायदा आहे, आणि तिकडे जाणारं पाणी अडवू नये असंच माझं मत आहे. त्या भांडणात रहाडीला ओढू नका.

रहाडीत एकदा भरलेल्या पाण्यात दिवसभर सगळी पेठ रंगते. खरी उधळपट्टी शॉवर लावून चालणाऱ्या रेनडान्समध्ये आहे. तिथे पाणी सतत वाहून गटारात जातं आणि रंगही रासायनिक. टंचाईच्या वर्षी तुमच्या सोसायटीने पहिला ठराव रेनडान्स बंद करण्याचा करावा. आणि त्या वर्षी रहाडीत नळाचं पाणी नको, विहिरीचं किंवा बोअरचं घ्या, हा आग्रह मंडळांकडे धरायलाच हवा.

मला जास्त खुपतं ते वेगळंच. रहाडीभोवतीची गर्दी इतकी पुरुषांची असते की बायकापोरींना काठाशीही धड उभं राहता येत नाही. गल्लीतल्या बायकांसाठी प्रत्येक रहाडीने निदान सकाळचे दोन तास राखून ठेवावेत. तुमच्यासारख्या नव्या मंडळींनी ही मागणी लावून धरली तर मी सोबत येईन.

यंदा पाहायला या. पूजा आटोपेपर्यंत पाण्यात उतरायचं नाही, तेवढं पाळा. गाडी गंगाघाटावर लावून चालत या, पेठेत पाय ठेवायलाही जागा नसते.