लघवीत आर्सेनिक जास्त आलं, म्हणजे विहिरीचं पाणी दूषित आहे का?

लगेच तसं समजू नका. नमुना देण्याआधी दोन-तीन दिवसांत सुंगटं, तिसऱ्या, कुर्ल्या खाल्ल्या होत्या का? गोव्यातल्या माणसाला हे आधी विचारायलाच हवं. समुद्री मासळीतलं आर्सेनोबेटेन हे आर्सेनिकचं सेंद्रिय संयुग जवळजवळ निरुपद्रवी असतं, काही दिवसांत लघवीवाटे निघून जातं. पण 'एकूण आर्सेनिक' मोजताना ते आणि विषारी अजैविक आर्सेनिक एकत्रच धरलं जातं. शिवाय अणूंच्या वस्तुमानावरून मूलद्रव्यं मोजणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्रात लघवीतल्या मिठाचं क्लोरीन यंत्रातल्या आरगॉन वायूशी जुळून ७५ वस्तुमानाचा आयन (विद्युतभारित कण) बनतो, आणि आर्सेनिकही नेमकं ७५! त्यामुळे आकडा खोटाच वाढू शकतो. हा अडथळा कसा काढता, हे लॅबला जरूर विचारा.

पाच दिवस मासळी बंद ठेवून, लॅबच्याच बाटलीत पुन्हा नमुना द्या. अजैविक आर्सेनिक वेगळं मोजायला सांगा. विहिरीचं पाणी स्वतंत्र तपासा, त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे.