फीड, रतीब आणि ‘सदस्य व्हा’

प्रश्न असा आला आहे : “दोन-तीन चर्चामंचांवरचे नवे धागे मी आरएसएस फीडने वाचतो. या ‘फीड’ला मराठी शब्द कोणता? ‘सबस्क्राइब’ला ‘सदस्य व्हा’ म्हटलं तर चालेल का? आणि फीड तो, ती की ते?”

(इथे आरएसएस म्हणजे संकेतस्थळावर नवं काय आलं ते ॲपला कळावं म्हणून ठेवलेल्या फाइलची एक ठरलेली पद्धत, आणि धागा म्हणजे मंचावरची एक चर्चा.) आधी मधला प्रश्न, कारण या ‘सदस्य व्हा’ने मला वर्षानुवर्षं छळलं आहे. नाही चालणार. सदस्य संस्थेचा असतो, समितीचा असतो. त्याचं नाव कुठेतरी नोंदवलेलं असतं. फीडमध्ये असं काहीच घडत नाही. मंचाच्या सर्व्हरवर एक साधी मजकुराची फाइल असते. ती उघडून पाहा : एकेका धाग्याला ‘आयटम’ नावाचा एक कप्पा, त्यात शीर्षक, दुवा, ‘पबडेट’ म्हणजे टाकल्याची तारीख-वेळ, आणि ‘गिड’ म्हणजे त्या धाग्याची कायमची खूण. तुमचं रीडर ॲप ठरावीक वेळाने जाऊन ती फाइल मागतं, ओळखीच्या खुणा सोडून देतं आणि नवी खूण दिसली की तुम्हाला दाखवतं. फाइल बदललेलीच नसेल तर सर्व्हर 304 हा आकडा पाठवून ‘नवं काही नाही’ इतकंच सांगतो. यात तुमचं नाव नाही, ईमेल नाही, पासवर्ड नाही. मंचाला तुम्ही कोण हे ठाऊकही नसतं. मग सदस्य कुणाचे झालात? ‘सदस्यता घ्या’ तर त्याहून वाईट. ते हिंदीतून उचललेलं आहे. मराठीत सदस्यत्व असतं, आणि ते इथे नाहीच.

मराठी माणूस सबस्क्राइब करण्याला काय म्हणतो हे कोशात शोधायला नको, जिन्यात ऐकू येतं. ‘आम्ही पेपर लावलाय.’ ‘डबा लावलाय.’ ‘मुलीला शिकवणी लावली.’ ‘दूध कुणाचं लावलंत?’ एकदा ठरवायचं, मग ते आपलं आपण येत राहतं, नको झालं की बंद करायचं, हा सगळा व्यवहार आपण ‘लावणे’ या एका क्रियापदात बसवला आहे. मी पेपरचा सदस्य झालो, असं कुणी म्हटलेलं तुम्ही ऐकलं आहे का?

आणि जे लावायचं त्याचं नाव रतीब.

फीडला माझं उत्तर हेच आहे, आणि ते का, हे सांगताना मला फार आनंद होतो. इंग्रजी ‘फीड’ म्हणजे मुळात जनावराला घालायचं खाणं. ‘फूड’ आणि ‘फॉडर’ याच कुळातले. आपले पोल्ट्रीवाले आजही कोंबड्यांचं फीडच म्हणतात. म्हणून यंत्र भाषांतर करतं ‘खाद्य’. पण आपल्याकडे नुसतं खाद्य कधी नव्हतं. बैलाला वैरण, घोड्याला चंदी, दुभत्या म्हशीला आंबोण. आणि यांच्याबरोबर होता रतीब. अरबी ‘रातिब’ म्हणजे ठरलेलं, नेमून दिलेलं. आजच्या अरबीत रातिब म्हणजे चक्क पगार. हिंदीत मात्र रातिब म्हणजे जनावराचा रोजचा नेमलेला खुराक. म्हणजे फीडच, अक्षरशः! इंग्रजांचा शब्द गोठ्यातून तारेवर गेला, आपला गोठ्यातून दुधाच्या चरवीत आला.

तो चरवीत कसा आला याबद्दल माझा एक तर्क आहे. पागेत आणि हत्तीखान्यात जनावरागणिक रोज काय आणि किती द्यायचं हे नेमलेलं असे. तो नेम बाहेरच्या गवळ्या-तेल्यांकडून पुरवून घेतला जात असणार. पुरवणाऱ्याच्या तोंडी शब्द बसला, आणि तोच माणूस वाड्यात दूध घालायला जाई तेव्हा शब्दही त्याच्याबरोबर गेला. खाणाऱ्याचा शब्द पुरवणाऱ्याचा झाला. कागदी पुरावा हाती नाही, पण अर्थाची वाट दुसरी मला दिसत नाही. माझे एक ज्येष्ठ भाषाशिक्षक स्नेही रतीबचा संबंध ‘रात्री’शी लावतात : रात्रीची धार, म्हणून रतीब. हे कानाला गोड वाटतं, पण रतीब बहुतेक पहाटेचाच असतो, आणि घोड्याच्या खुराकाचं काय करायचं ते त्यांना सांगता येत नाही.

आता या कुळाची गंमत पाहा. र-त-ब या अरबी धातूपासून रुतबा आला, म्हणजे दर्जा. मर्तबा आला आणि त्याचं अनेकवचन मरातिब, म्हणजे आपल्या ‘मानमरातब’मधला मरातब. तरतीब आली, म्हणजे क्रम, नीट मांडणी. दरबारातला मानमरातब आणि दारातला दुधाचा रतीब सख्खे भाऊ आहेत. सगळ्यांच्या पोटात एकच गोष्ट आहे : आपल्या जागी ठरलेलं असणं.

म्हणूनच सोशल मीडियाच्या पडद्याला ‘फीड’ म्हणतात ते मला पटत नाही. फेसबुकने 2006 साली आपल्या पानाला न्यूज फीड नाव दिलं, आणि आता बोटाने सरकवत राहायचं ते सगळंच फीड झालं आहे. तिथे काय आधी दाखवायचं हे कुणीतरी दुसरा ठरवतो. शेजाऱ्याचं लग्न तीन दिवसांनी दिसतं, मधे दोन जाहिराती. तिथे तरतीब नाही, म्हणून तो रतीबही नाही. आरएसएसच्या फाइलमध्ये मंचाने जे टाकलं ते, टाकलं त्या वेळेसह, तसंच येतं.

वर्तमानपत्रंही या शब्दाचे हाल करतात. ‘वाढदिवशी शुभेच्छांचा रतीब’, ‘प्रचारात आश्वासनांचा रतीब’. एका दिवसात ढीगभर आलं तर तो पाऊस किंवा भडिमार. रतिबाला उद्याचा दिवस लागतो, खाडा लागतो, महिन्याचा हिशेब लागतो.

यावर दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला : गवळी दारात येतो, फीड मात्र आपल्या ॲपला जाऊन आणावं लागतं. खरं आहे. पण रतिबाचा अर्थ पोहोचवण्यात नाही, नेमण्यात आहे. मुंबईत आरेच्या केंद्रावर कार्ड घेऊन पहाटे रांगेत उभं राहणाऱ्यांनीही दूध लावलेलंच होतं. धागे मंचावर कसेही येतात, विचारणं नेमाचं असतं. फाइलमध्ये ‘टीटीएल’ म्हणून मिनिटांचा एक आकडा लिहिण्याची सोयही आहे : 60 लिहिलं तर तासभर हीच फाइल धरून चाला, एवढ्यात परत विचारू नका.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. ‘लेखांचा रतीब घालतो’ यात निंदा आहे, पाणी घातल्याचा वास आहे. पण ती निंदा ‘घालणे’ला चिकटली आहे. रतीब लावणाऱ्याला कुणी कधी नावं ठेवली आहेत?

‘प्रदाय’, ‘पुरवठा’, ‘स्रोत’ सुचवणाऱ्या परिभाषाकारांना मी एवढंच विचारतो : तुमच्या शब्दाचं क्रियापद कुठे आहे? प्रदाय काय करायचा, घालायचा की लावायचा? रतिबाला तिन्ही आहेत : लावणे, घालणे, बंद करणे. आणि तो अरबी म्हणून नको असेल तर मानमरातबही सोडा. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने दरबारी फारसीला संस्कृत शब्द दिले, ते मोठं काम होतं. पण पहाटे कडी वाजली की दार उघडणाऱ्या बाईच्या तोंडचा शब्द कोशाने हलत नाही.

तुमच्या मंचांबद्दल थोडं. डिस्कोर्स या सॉफ्टवेअरवर चालणारा मंच असेल तर पत्त्यापुढे ‘लेटेस्ट डॉट आरएसएस’ लिहिलं की नव्या धाग्यांची फाइल मिळते. रेडिटवर पत्त्याच्या शेवटी नुसतं ‘डॉट आरएसएस’ पुरतं. पीएचपीबीबी या दुसऱ्या मंच-सॉफ्टवेअरवर ‘फीड डॉट पीएचपी’, तीही मंचचालकाने चालू ठेवली असेल तर. एक ध्यानात ठेवा : फाइलमध्ये शेवटचे काही धागेच असतात. आरएसएसच्या 1999 च्या 0.91 आवृत्तीत तर 15 चीच मर्यादा होती. मंच गजबजलेला असेल आणि चार दिवस ॲप उघडलंच नाही, तर मधले धागे फाइलमधून गळतात. आपोआप अधूनमधून विचारत राहणारं रीडर घ्या, म्हणजे खाडा पडणार नाही.

लिंगाचं राहिलं. ‘फीड’ मी नपुंसकलिंगी वापरतो, ते फीड. रतीब पुल्लिंगी, तो रतीब. आणि कृपा करून ‘रतीबाचा’ लिहू नका. गरीब-गरिबाचा, तसा रतीब-रतिबाचा. विभक्ती लागली की ‘ति’ ऱ्हस्व.