भांग चालते मग गांजा का नाही? झाड तर एकच ना?

हो, झाड एकच, पण १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यात बंदी आहे ती गांजावर म्हणजे झाडाच्या फुलोऱ्यावर आणि चरसवर म्हणजे त्याच्या चिकावर, नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येतच नाहीत, म्हणून भांग सुटली आणि तिचा कारभार राज्यांकडे गेला. म्हणून वाराणसीत सरकारमान्य भांगेची दुकानं दिसतात. पण आपल्याकडे खूश होऊ नका, महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, त्यात परवान्याशिवाय भांग जवळ ठेवणं पण गुन्हाच आहे (होळीला कोण विचारतो ते सोडा).

आणि गांजा "थोडासाच होता" म्हणून सुटका होत नाही हां, १ किलोपर्यंत अल्प प्रमाण धरतात तरी १ वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

बाकी भांग म्हणजे सौम्य असं समजू नका. गांजा ओढला तर काही मिनिटांत चढतो, पण भांग पोटातून गेली की टीएचसीचं (म्हणजे त्यातल्या नशा आणणाऱ्या द्रव्याचं) लिव्हरमध्ये आणखी कडक रसायन बनतं आणि चढायला अर्धा ते दोन तास लागतात. माझ्या मावसभावाने थंडाईचा एक ग्लास घेतला, अर्ध्या तासाने म्हणे काहीच होत नाहीये यार, अजून दोन मारले, मग रात्री अकरापर्यंत छातीवर हात ठेवून "धडधडतंय, मी जाणार" एवढंच चालू होतं त्याचं. नाडी खरंच वाढते त्याने, हार्टवाल्यांनी तर लांबच राहावं.