बलाढ्य देशांनी स्वातंत्र्य पसरवायला दुसऱ्या देशांत हस्तक्षेप करावा का?

नाही, निव्वळ त्यासाठी सैन्य पाठवू नये. नागपूरकरांना ही भाषा जुनीच: १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारसाविना वारले आणि १८५४ मध्ये ब्रिटिश गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केलं, तेव्हाही कारणांत रयतेचं भलं होतं. (आणि इंग्लंडला हवा असलेला कापूसही!) राजवट पाडणं सोपं, पण न्यायालयं, पोलीस, पक्ष तिथल्याच लोकांनी उभे करावे लागतात. इराकमध्ये २००३ साली सद्दाम काही आठवड्यांत गेला, मग देश यादवीत सापडला. अफगाणिस्तानात वीस वर्षांनी तालिबानच परतले. मात्र कत्तल चालू असेल तर गप्प बसणंही चूक. १९७१ मध्ये आपण पूर्व पाकिस्तानात गेलो, पण तिथे मुक्तिवाहिनी, म्हणजे तिथल्याच बंगाली स्वातंत्र्यसैनिकांची फौज, आधीपासून लढत होती, आणि मार्च १९७२ पर्यंत आपलं सैन्य माघारी आलं.