जहाजांचा अभ्यास: आधी 'टन' कोणता ते बघा

जहाजांची तुलना करताना नवखे हमखास टनांत फसतात. युद्धनौकेचा आकडा विस्थापनाचा, म्हणजे तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाचा. आयएनएस विक्रांत सुमारे 45,000 टन. टँकर आणि बल्क कॅरियर (धान्य, कोळसा असा सुटा माल नेणारं जहाज) यांचा आकडा डेडवेट: माल, इंधन, पाणी, खलाशी धरून जहाज किती वजन पेलतं तो. हे दोन आकडे शेजारी मांडूच नका. ग्रॉस टनेज तर वजनच नव्हे, आतल्या जागेचं माप.

कंटेनर जहाजं टीईयूत मोजतात; 20 फुटी डबा म्हणजे 1. आपल्या नाशिकची द्राक्षं न्हावाशेवाहून जातात तो 40 फुटी रीफर, म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर, 2 टीईयू. त्याला प्रवासभर वीज लागते, म्हणून जहाजावर जागा मोकळी असली तरी प्लग शिल्लक आहे का, ते आधी विचारावं.

युद्धनौका विनाशिका (डिस्ट्रॉयर) की फ्रिगेट, हे नुसत्या लांबीवरून ठरवू नका. प्रत्येक नौदलाची वर्गवारी वेगळी.