चॅट अ‍ॅपमध्ये लिंकचा प्रिव्ह्यू कसा दाखवायचा?

मेसेजमधल्या लिंकखाली फोटो आणि शीर्षक हवं असेल तर पानाचं एचटीएमएल आणून त्यातले ओपन ग्राफ टॅग (पानाचं शीर्षक, वर्णन, फोटो सांगणाऱ्या खुणा) वाचा: ओजी:टायटल, ओजी:डिस्क्रिप्शन, ओजी:इमेज. फेसबुकने 2010 मध्ये आणलेली ही पद्धत आता सर्रास वापरात आहे. टॅग नसतील तिथे साधा टायटल टॅग घ्या.

खरा प्रश्न आहे तो पान कुणी आणायचं हा. वाचणाऱ्याच्या फोनने मुळीच आणू नये. त्याने लिंक उघडण्याआधीच त्याचा आयपी पत्ता अनोळखी सर्व्हरला कळतो, हे वाईटच. व्हॉट्सअ‍ॅपप्रमाणे पाठवणाऱ्याच्या फोनवर प्रिव्ह्यू बनवा आणि मेसेजसोबत पाठवा. चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (म्हणजे मेसेज फक्त पाठवणारा आणि वाचणाराच वाचू शकतो असं) नसेल तर स्वतःच्या सर्व्हरवर बनवलात तरी चालेल, शिवाय कॅशही (पुन्हा वापरायला साठवलेली प्रत) ठेवता येईल. मात्र तिथे 127.0.0.1 किंवा '10.' ने सुरू होणाऱ्या पत्त्यांसारखे सगळे अंतर्गत (तुमच्याच नेटवर्कमधले) पत्ते नाकाराच आणि प्रत्येक रीडायरेक्टनंतर (लिंक दुसऱ्या पत्त्यावर वळल्यावर) पुन्हा तपासा. नाहीतर कुणीही लिंक टाकून तुमच्या नेटवर्कमधली माहिती बाहेर काढू शकेल. टाइमआउट (किती वेळ वाट पाहायची ती मर्यादा) आणि डाउनलोडची कमाल मर्यादाही ठेवा.

फोटोचा पत्ता कधी अर्धवट असतो, तो पानाच्या पत्त्याला जोडून घ्या. अ‍ॅप फक्त आयफोनसाठी असेल तर आयओएस 13 पासून लिंक प्रेझेंटेशन हे प्रिव्ह्यू बनवणारं फ्रेमवर्क तयारच मिळतं.